हंड्याचं अस्तर

आमच्या घरी एक पितळी हंडा होता. हंडा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर आडावरून पाणी आणायचा हंडा आला असेल, तर तो आधी पुसून टाका. आमच्या हंड्यात एकदा शेजारच्या गोठ्यातलं वासरू पडलं आणि त्याला शोधून बाहेर काढेपर्यंत त्याला शिंगं फुटली. घासायला दोन माणसं आत उतरायची, ती एकमेकांना दिसायची नाहीत, हाका मारून अंदाज घ्यायची. हे मी कमीच सांगतोय. आमचे वडील, म्हणजे अप्पा, हंड्याबद्दल सांगायचे ते ऐकलं असतंत तर मला तुम्ही अगदी मुखदुर्बळ ठरवलं असतं.

कुंभकोणात आमचा धंदा लग्नामुंजींना भांडी भाड्यानं देण्याचा. पूर्वज तंजावरच्या राजांच्या मुदपाकखान्यात होते. राज्य गेलं, राजे गेले, मुदपाकखाना गेला आणि आमच्या वाट्याला हा एक हंडा आला. अप्पांच्या सांगण्यात मात्र क्रम उलटा असे. हंडा आमच्याकडे आला म्हणून राज्य गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, अशी आमची राहणी. पुण्याकडचे एक पाहुणे म्हणाले होते, तुमच्याशी बोलताना बखर वाचत बसल्यासारखं वाटतं. अप्पांनी ती स्तुती समजून त्यांना आणखी एक कॉफी पाजली.

लढाईच्या काळात तांदळाचं रेशन आलं आणि हंडा पालथा पडला. त्यात भात शिजवावा एवढी जेवणावळ घालायची कोणाची छाती राहिली नाही. पुढे रेशन उठलं, पण लोकांना थोडक्यात उरकायची सवय लागली होती. लहान भांडी घराबाहेर जायची, यायची. हंडा मागल्या अंगणात पालथा, आणि त्याच्या बुडावर वहिनी वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालायची. अप्पा दर शुक्रवारी चिंच आणि विटेची पूड घेऊन त्याला बाहेरून असा घासायचे की दुपारी कावळे त्याच्यावर बसत नसत, डोळे दिपायचे त्यांचे.

आमच्या घरचा एक नेम होता. डाग दिलेलं भांडं दारातून बाहेर जायचं नाही. एखाद्या पातेल्याला भोक पडलं तर ते मोडीत जाई, पण त्याला ठिगळ लावून कोणाच्या मांडवात पाठवणं म्हणजे आपल्याच कपाळाला ठिगळ लावून फिरणं, असं अप्पा म्हणत. गावात इतर भांडीवाले होते, त्यांच्या भांड्यांना ठिगळांवर ठिगळं होती आणि त्यांचा धंदा आमच्यापेक्षा बरा चालायचा. ही गोष्ट अप्पांसमोर काढायची नसे.

आता अण्णा. माझा थोरला भाऊ. कॉलेजात जाऊन नापास होऊन आलेला, लग्न झालेला, आणि दिवसभर चिंचेच्या पाण्यात हात घालून बोटांची सालं गेलेला. त्याला भांड्यांचा तिटकारा होता. कोणाला बोलून दाखवायचा नाही, पण पातेलं ठेवताना असा आदळायचा की पातेल्याला कळायचं. त्याचा जीव माशांत. खाण्यासाठी नव्हे, आमच्या घरात मासा शिजत नव्हता. गावातली तळी उन्हाळ्यात आटली की चिखलात अडकलेल्या मरळ माशांना हा ओल्या गोणपाटात गुंडाळून नदीच्या डोहात सोडून यायचा. लोक हसायचे. वहिनीचे बंधू तर म्हणाले होते, तुझ्या नवऱ्याला गेल्या जन्मीचे नातेवाईक ओळखू येतात.

महामहमचं वर्ष आलं. बारा वर्षांनी येणारा तो उत्सव, लाखांनी माणूस येणार, म्हणून आधी गावातली तळी उपसून साफ करायचं काम निघालं. आमच्या वस्तीजवळच्या तळ्यात माणसाच्या उंचीचे कटला मासे होते. हो, माणसाच्या. माणूस बुटका धरा हवं तर. दुसऱ्या तळ्यात हलवताना बाकीच्या वस्त्यांत मेले किती नि जगले किती, याची कोणाला फिकीर नव्हती. आमच्या वस्तीतलं काम अण्णानं केलं. मासे आदल्या दिवसापासून उपाशी ठेवले, म्हणजे वाटेत पाणी घाण करणार नाहीत. शेपटीला धरून एकही उचलू दिला नाही. पाण्याबाहेर आला की माशाचं स्वतःचं वजनच त्याच्या आतड्यांवर बसतं, म्हणून कापडाच्या झोळीत आडवा, दोन्हीकडून तोलून. वरून ओली गोणपाटं, कारण अंधारात मासा शांत राहतो. सगळेच्या सगळे जगले.

हे पाहायला काठावर एक गृहस्थ उभे होते. मद्रासेकडचे, लठ्ठ, हातात चांदीच्या मुठीची काठी. उत्सवात जत्रेच्या मैदानावर प्रदर्शन मांडणारे. दोन डोक्यांची शेळी, आरसेमहाल, मौत का कुआँ, सगळं त्यांचं. या वर्षी त्यांनी मैदानात सिमेंटचा हौद बांधला होता आणि त्यात समुद्राचं पाणी आणून भरलं होतं. त्यात जिवंत शार्क दाखवायचा होता. कुंभकोणातल्या माणसानं शार्क पाहिला तो बाजारात, तुकडे करून. पोहणारा कोणी पाहिला नव्हता. पण समुद्रापासून इथवर आणायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी एकदा त्यांनी दोन आणवले होते, ओल्या वाळूत पुरून. दोन्ही वाटेतच खलास.

त्यांनी अण्णाला तिथंच काठावर सांगितलं. उत्तरेकडे एका मोठ्या शहरात मत्स्यालय उभं राहतंय, त्याला समुद्राचे मोठे मासे पुरवायचं काम त्यांनी घेतलंय. जिवंत आणणारा माणूस हवा. हा एक शार्क जिवंत हौदात सोडून दाखव आणि माझ्याबरोबर चल.

त्या संध्याकाळी अण्णा जेवला नाही. आनंदानं. वहिनीनं त्याच्या पानातलं मला वाढलं आणि म्हणाली, "भाऊजी, जेवा. तुमचे अण्णा अत्तां फक्त समुद्र खातात." तिच्याही चेहऱ्यावर चिंचेनं घासलेल्या पितळेवर दिसेल तसा उजेड होता.

अण्णानं सगळं बेतलं. शार्क कोणता, तर ज्याला सतत पोहत राहावं लागतं तो नव्हे. तळाशी बसून राहतो आणि बसल्याजागी कल्ले हलवत श्वास घेतो, तो ठिपक्याठिपक्यांचा सुस्त जातीचा. तुमच्या कोकणात कोळी लोक ज्याला मुशी म्हणतात त्याच कुळातला, तीन हात लांब. पाण्यात हवा खेळवायला वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनची नळकांडी, तिच्या रबरी नळीच्या टोकाला सच्छिद्र लाकडाचा तुकडा, म्हणजे बुडबुडे बारीक सुटतील. गारव्यासाठी बर्फ, पण नुसता टाकायचा नाही. वितळला तर समुद्र गोडा होईल. झाकणाच्या डब्यांत भरून ते डबे पाण्यात टांगायचे. जास्तीचं समुद्राचं पाणी पिंपांत भरून लॉरीवर. आणि प्रवास रात्रीचा.

मासा ठेवायचा सागवानी लाकडाच्या मोठ्या पिंपात. ते शोधायला तो निघालाच होता, एवढ्यात अप्पांनी विचारलं, "पिंप कशाला?"

प्रश्नावरूनच कळलं. बारा-पंधरा वर्षं पालथ्या पडलेल्या हंड्याला अप्पांना एकदा जगासमोर न्यायचं होतं. राजाच्या हजार ब्राह्मणांचा भात ज्यात शिजला त्यात एक मासा मावत नाही? मासा घातल्यावर हंडा पुन्हा लग्नात चालणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण न चालणारा हंडा पडून राहण्यापेक्षा एकदा वाजतगाजत जाऊन मग पडून राहिला तर बरं, असा तो हिशेब होता. प्रदर्शनवाल्यांना तर कल्पना फारच आवडली. राजाच्या हंड्यातून समुद्राचा राक्षस! त्यांनी त्याच दिवशी तशा पाट्या रंगवायला दिल्या. अण्णा एकटा पडला.

त्यानं मग दोन अटी घातल्या. एक, हंड्याला आतून नवी कल्हई. पितळेवर कथलाचा तो पांढरा थर नसेल तर ताक कळकतं, आंबट वरण कळकतं, पाणी हिरवट होतं आणि खाणारा ओकतो. हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आणि समुद्राचं खारं पाणी ताकापेक्षा वाईट. दुसरी अट, हंड्याला आतून शिडाच्या जाड कापडाचं अस्तर. मला वाटलं, कल्हई केल्यावर अस्तराची काय गरज? अण्णानं मला सुतारआळीत नेलं आणि एका सुताराच्या हातात वाळलेल्या मुशीचं कातडं होतं ते दाखवलं. सुतार त्या कातड्यानं दाराची चौकट घासत होता, पॉलिश पेपरनं घासावी तशी. अण्णा म्हणाला, "असल्या कातडीचा प्राणी तळाशी बसणार. लॉरी हलणार. कल्हई किती टिकंल, तूंच सांग."

अप्पांनी दोन्ही अटींना मान हलवली. कल्हईवाला आला, नवसागराच्या धुरानं सगळी गल्ली खोकत सुटली, हंडा आतून चंद्रासारखा झाला. वहिनीनं नागपट्टणहून आणलेल्या शिडाच्या कापडाची तिहेरी घडी करून अस्तर शिवलं. दाभणानं तिची बोटं फुटली होती. ते खाऱ्या पाण्यात भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवून ठेवलं.

एवढंच की परतीचा प्रवास रात्रीचा ठरला नाही. अप्पा म्हणाले, रात्री गेलं तर हंडा बघणार कोण? अण्णानं बर्फ वाढवला.

कारैक्कालजवळच्या एका कोळीवाड्यावर आम्ही पहाटे पोचलो. हंडा लॉरीत चढवताना गावातली सतरा माणसं लागली होती आणि त्यातल्या तिघांनी नंतर आयुष्यात काही उचललं नाही. कोळ्यांनी मासा खाडीत जाळ्याच्या कुंपणात चार दिवस उपाशी ठेवला होता. अण्णा कमरेइतक्या पाण्यात उतरला, झोळी माशाखाली सरकवली. मी हंडा समुद्राच्या पाण्यानं भरायला कोळ्यांबरोबर घागरी वाहत होतो. अप्पा लॉरीवर हंड्याजवळ. उजाडलं होतं, किनाऱ्यावर माणसं जमली होती, बायका, पोरं, मिठागरावरचे कामगार. कोणीतरी हंड्यात डोकावलं आणि विचारलं की आत कापड का? गळतो का?

मी घागर घेऊन वर आलो तेव्हा अस्तर बाहेर काढलेलं होतं. ओलं, पिळून, घडी करून, लॉरीच्या फळीवर. आणि अप्पा लोकांना हंड्याच्या आत बोट दाखवून दाखवून सांगत होते की बघा, एक डाग नाही.

मी म्हटलं, "अप्पा, अण्णाला विचारलंत?"

"अस्तर गळक्याला लावतात," अप्पा म्हणाले. "तीन पिढ्यांत एक थेंब गळला नाहीं. माझ्या डोळ्यांदेखत त्याला लंगोट नेसवतों होय?"

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. अण्णा आणि सहा कोळी झोळी घेऊन पळत येत होते. मासा पाण्याबाहेर होता. अण्णा वर चढला, त्यानं हंड्यात पाहिलं, फळीवर पाहिलं, अप्पांकडे पाहिलं. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "अप्पा, अस्तर?" अप्पा दुसरीकडे बघत होते. मासा झोळीत कल्ले उघडमीट करत होता. भांडायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या माशाच्या छातीतून जाणार होता. अण्णानं झोळी हंड्यात उतरवली.

लॉरी निघाली. अप्पा अस्तराच्या घडीवर बसले. लॉरीच्या फळीपेक्षा ते मऊ होतं.

वाटेत मी काय सांगू? उत्सवाला पायी जाणाऱ्यांची रांग समुद्रापासून कुंभकोणापर्यंत. प्रत्येक गावात लोक लॉरीच्या मागे. एका गावात तर कीर्तनाला बसलेले लोक उठून आले आणि कीर्तनकारही आला, नुसती झांज घेऊन. अप्पा हंड्याला टेकून बसले होते आणि राजांची गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक गावात राजा एक पिढी जुना होत होता. खरं सांगतो, मलाही मजा वाटत होती. अप्पांना इतकं खूश मी अण्णाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. अण्णा गोणपाटाखाली डोकं घालून बसला होता, नळीचे बुडबुडे बघत, बर्फाचे डबे बदलत. रस्ता खडीचा. खड्डा आला की हंड्यातून आवाज येई. करकर. सुताराच्या दुकानातला आवाज.

तिरुनीलक्कुडीला ड्रायव्हर चहाला थांबला. अण्णानं गोणपाट बाजूला केलं. पाण्यावर फेस आला होता, माशाच्या अंगावरून शेंबडासारखा चिकट पदर सुटला होता, आणि कल्ले असे चालले होते जसं कोणी आतून दार ठोठावतंय. अण्णानं पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"कळकलं," तो म्हणाला.

मीही चाखलं. खारट, आणि त्याच्यामागून तो आमच्या ओळखीचा कडवट, हिरवा, ओकारी आणणारा स्वाद. अण्णानं हात खाली घालून तळ चाचपला. वर आला तेव्हा म्हणाला की माशाखालची सगळी कल्हई गेली आहे, पितळ उघडं पडलंय. पिंपातलं पाणी आहे ते बदलू, पण आधी अस्तर घालायला हवं, नाहीतर नवं पाणीही तासाभरात असंच होईल. मासा झोळीत उचलू, चौघं धरतील, खालून अस्तर सरकवू. त्याचा आवाज अगदी शांत होता. त्याला अजून वाटत होतं की होईल.

"अप्पा, जरा उठा. अस्तर द्या."

चहाच्या दुकानातली माणसं भोवती जमली होती. तिरुनीलक्कुडीतला एक म्हातारा शेतकरी पायरीवर पाय ठेवून बघत होता. त्यानं तमिळमध्ये अगदी साळसूदपणे विचारलं, काय झालं हो, हंडा फुटला का?

अप्पा जागचे हलले नाहीत. हळूच मराठीत म्हणाले, "गांव मागें पडूं दे. मग देतों."

आमच्या घरात वडील बसलेले असताना त्यांना उठवत नाहीत. हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल. त्यांच्या पाटाखाली साप निघाला असता तरी आम्ही सापाला विनंती केली असती, अप्पांना नाही. मी मात्र पुढे होऊन घडीचं टोक धरलं. अण्णा म्हणाला, "सोड."

"मासा मरंल."

"वडलांना हात लावून उठवायचं नक्को. सोड."

मी सोडलं. अण्णानं उभ्या उभ्या पिंपांतलं पाणी हंड्यात ओतून घेतलं, जुनं झाऱ्यानं बाहेर टाकलं. मासा जरा स्थिर झाला. लॉरी निघाली. गाव मागे पडलं.

आता कावेरीच्या मुलखात गाव मागे पडतं म्हणजे काय, ते नकाशावर बघा. एका गावाचं शेवटचं घर आणि दुसऱ्याचं पहिलं घर यांच्यामध्ये एक केळीचा घड टेकवता येणार नाही. त्यात उत्सवाचे यात्रेकरू. एक वळण रिकामं मिळालं तर पुढच्या बाजूनं पाच बैलगाड्या. एक बाभळीचं बन आलं, तिथं लोक शौचाला बसलेले. ते लोटे घेऊन उठून बघायला आले. अप्पा प्रत्येक वेळी म्हणत, "पुढें. पुढें देतों." तिरुनागेश्वरमच्या अलीकडे मी रडकुंडीला येऊन म्हणालो, आता तरी द्या. तिथं तर उत्सवाचा मांडवच रस्त्यावर होता. अप्पा मांडवातल्या लोकांना हात जोडून नमस्कार करत होते.

दोन्ही बाजूंना पाणी चमकत होतं. तळी, भाताची खाचरं, पाटांत उरलेलं. सगळं गोडं. त्यातला एक पेलाभरही आमच्या कामाचा नव्हता.

अण्णानं शेवटी विचारायचं थांबवलं. तो हंड्याच्या काठावर ओणवा झाला, दोन्ही हात पाण्यात घालून त्यानं माशाला तळापासून वर धरलं, पितळ लागू नये म्हणून. स्वतःच्या हातांचं अस्तर केलं त्यानं. कुंभकोण येईपर्यंत तसाच. माशाची कातडी त्याच्या हातांवरून करकरत होती.

मैदानावर प्रदर्शनवाले हार घेऊन उभे होते. नादस्वरम, ढोल, पाट्या, आणि माणूस इतका की मुंगीला चालायचं तर परवाना काढावा लागला असता. हंड्यावरचं गोणपाट काढलं, झोळी लावली, दहा हातांनी मासा हौदात उतरवला. तो एकदा पालटला. पोट वर आलं. लोक क्षणभर वाट बघत राहिले, त्यांना वाटलं शार्क असाच पोहतो.

अण्णा हौदात उतरला आणि त्याला पुढे ढकलत फिरवू लागला, तोंडातून पाणी जावं म्हणून. एक फेरी, दुसरी फेरी. त्याच्या कोपरापासून खालची कातडी निघाली होती आणि हौदात त्याच्यामागे लाल रेघ उमटत होती. माशाचं रक्त, असं म्हणून पोरं ओरडली.

प्रदर्शनवाले काठावर आले. त्यांनी अप्पांना विचारलं, काय झालं? अप्पा म्हणाले, बर्फ जास्त झाला असावा. मुलानं फार बर्फ घातला.

मग मी बोललो. तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हंड्यात अस्तर होतं. ते कोणी काढलं आणि त्यावर कोण बसून आलं, ते विचारा."

सगळे अप्पांकडे वळले. अप्पा तेवढ्यात हंड्याच्या काठावरचा फेस उपरण्यानं पुसायला लागले होते. बोट फिरवून फिरवून. जणू त्यांना तमिळ येतच नव्हतं.

अण्णा हौदातून म्हणाला, "अस्तर मीच काढलं. मला वाटलं, कल्हई पुरेल."

प्रदर्शनवाल्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग अप्पांकडे. ते काही मूर्ख नव्हते. मग धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, "तंबी, काम तू चांगलं जाणतोस. पण मला चांगलं काम नकोय, जिवंत मासा हवाय." आणि हार, जो अण्णासाठी आणला होता, तो त्यांनी हौदाच्या खांबाला अडकवला. मेलेल्या शार्कच्या जबड्यात काठी अडकवून, त्याला बर्फावर ठेवून त्यांनी दोन दिवस तोच दाखवला. गर्दी कमी झाली नाही. तिसऱ्या दिवशी तो मासळीबाजारात गेला आणि त्याचा कोणाच्या तरी घरी पुट्टु, म्हणजे मसाल्यात परतलेला माशाचा भुगा, झाला.

त्यानंतर अण्णानं माशांना हात लावला नाही. तळी आटली, चिखलात मरळ तडफडले, तरी तो भांडीच घासत राहिला. पातेलं आता आदळायचा नाही. वहिनीचा आवाजही खाली आला. अस्तर तिनं उसवलं आणि उन्हाळ्यात वडाम वाळत घालायला काढलं. इतकं जाड कापड पुन्हा कुठून मिळणार? हंडा परत पालथा पडला. अप्पांनी त्याला दर शुक्रवारी घासणं काही सोडलं नाही.

आणि अप्पांनी गोष्ट सांगायला घेतली. काय सांगायचे! मी बापाचाच मुलगा, पण माझी जीभ त्यांच्यापुढे बांधलेल्या वासरासारखी. पहिल्या वर्षी मासा तीन हातांचा होता, दुसऱ्या वर्षी सात, मग त्याला दात आले, मग त्यानं तिरुनीलक्कुडीच्या शेतकऱ्याचा हात धरला. तो हंड्यातून मेलेला निघाला हे हळूहळू गळून गेलं. मासा दरवर्षी वाढला आणि अण्णा दरवर्षी लहान होत गेला. आधी तो मासा धरणारा होता, मग बर्फ सांभाळणारा, मग ड्रायव्हरशेजारी झोपलेला. अण्णा तिथंच बसलेला असायचा, सुपारी कातरत.

अशी काही वर्षं गेली आणि अप्पा गेले. तेराव्याला तंजावरहून, मद्रासेहून नातलग जमले आणि जेवणं झाल्यावर अंगणात हंड्याभोवती बसून त्यांनी अप्पांचीच गोष्ट एकमेकांना सांगितली. कोणी दात वाढवले, कोणी राजा. एक लांबचे मामा अण्णाकडे वळून म्हणाले, "तूंही होतास की रे तेव्हां लॉरींत?"

मी अण्णाकडे पाहिलं. आता बोलायला कोणाची आडकाठी नव्हती.

अण्णानं हातांवरचे ते पांढरे व्रण बाहीखाली ओढून घेतले.

"नाहीं," तो म्हणाला. "मी त्या दिवशीं घरींच होतों. भांडीं होतीं घासायचीं."